स्वभावाला औषध नाही, हे खरंय का? बाप्तिस्म्यानंतरही राग जात नाही म्हणणाऱ्या भावासाठी

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार वर्षांपूर्वी तुम्ही बाप्तिस्मा घेतला, दारू सुटली ती सुटलीच, पण राग होता तसाच आहे, आणि मागच्या आठवड्यात तुम्ही नऊ वर्षांच्या मुलावर हात उचललात. मंडळीतले एकजण म्हणाले तुझा नवा जन्म झालेलाच नाही, परत बाप्तिस्मा घे. बायको म्हणाली स्वभावाला औषध नसतं. रविवारी तुम्ही प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, न घेता मागच्या बाकावर बसून राहिलात. आणि तुम्ही विचारलंय की माणसाचा स्वभाव खरंच बदलतो का, की ही नुसती चर्चमध्ये बोलायची भाषा आहे.

मी सत्तावीस वर्षं पाळक आहे, आधी जालन्याकडच्या खेड्यांत आणि मग नगर जिल्ह्यात, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून इतक्यांदा आलाय की मोजणं सोडून दिलंय. कोणी दारूबद्दल विचारतं, कोणी मोबाईलवर काय बघतो त्याबद्दल, एक बाई सासूच्या द्वेषाबद्दल विचारायच्या. आतला प्रश्न एकच असतो, मी नवा झालो म्हणता तर जुना अजून घरात कसा?

एक गोष्ट मात्र आधी, कारण ती थांबू शकत नाही. मुलावर हात उचलणं एकदाच झालं की आधीही झालंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यावर बरंच अवलंबून आहे. आधीही झालं असेल, किंवा बायको घाबरून असेल, तर राग चढतोय असं वाटल्याक्षणी घराबाहेर पडायचं, गरज पडली तर काही रात्री भावाकडे नाहीतर मित्राकडे झोपायचं, आणि हे बायकोशी आधीच बोलून ठरवून ठेवायचं. तिला सरळ विचारा, तुला माझी भीती वाटते का? उत्तर आवडलं नाही तरी मधे न बोलता ऐकून घ्या. हे मी धर्मशास्त्राच्या आधी लिहितोय कारण एकदा माझी चूक झालीय. एका माणसाने माझ्यासमोर रडून कबुली दिली, मी त्याच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली, त्याला म्हटलं प्रभूने तुला क्षमा केलीय, आणि समाधानाने घरी गेलो. त्याच्या बायकोला मी काहीच विचारलं नाही. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होतं. त्या दिवसापासून अशी कबुली कोणी दिली की मी घरच्यांना भेटल्याशिवाय काही बोलत नाही.

आता स्वभावाचं. तुमच्या बायकोची म्हण आपल्याकडे सगळेच वापरतात, आणि तिच्या उलट दुसरंही एक वाक्य सगळेच वापरतात, "मनावर घेतलं तर काय सुटत नाही!" ही दोन वाक्यं आपण आलटून पालटून एकाच माणसाला ऐकवतो. ख्रिस्ती विश्वासाला ही दोन्ही मान्य नाहीत, आणि हे भांडण सोळाशे वर्षांचं आहे. पेलागियस नावाचा एक साधू होता, चांगला, कडक शिस्तीचा. त्याचं म्हणणं असं की देवाने आज्ञा दिलीय म्हणजे ती पाळायची ताकदही माणसाच्या स्वभावात आहे, फक्त इच्छा हवी. त्याच काळातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्तीन याने त्याला विरोध केला, कारण इच्छाच आजारी आहे हे त्याने स्वतःच्या आयुष्यात बघितलं होतं. पाय मोडलेल्याला "मनावर घे आणि चाल" म्हणून काय उपयोग. ४१८ साली कार्थेजच्या सभेने पेलागियसची शिकवण नाकारली. म्हणजे तुम्ही चार वर्षं स्वतःला "मी मनावर घेत नाहीये" म्हणून जो मार दिलाय, तो चर्चने फार पूर्वीच अपुरा ठरवलेला उपाय आहे.

पण मग स्वभाव मुळातच वाईट आहे का? तर नाही, आणि इथे आपल्या मंडळ्यांमध्येही गोंधळ होतो. बायबल माणसाची गोष्ट पापापासून सुरू करत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि जे केलं ते "फार चांगले" आहे, माणसाचं पापात पडणं तिसऱ्या अध्यायात येतं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण राग हा "तुम्ही" नाही, तुमच्यात झालेला बिघाड आहे, आणि बिघाड दुरुस्त होऊ शकतो. तुमचा मुलगाही त्याच प्रतिरूपाचा आहे, हेही त्यातच आलं.

दुसरा गोंधळ "देह" या शब्दाचा. प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, लिहितो की देह आत्म्याविरुद्ध इच्छा करतो, आणि आपण मराठी माणसं देह म्हटलं की लगेच शरीर समजतो. मग उपास करा, शरीराला त्रास द्या असं सुरू होतं. पण गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाच्या कर्मांची यादी आहे ती बघा, त्यात व्यभिचार, दारूबाजी आहे तसं वैर, कलह, मत्सर, राग, तट हेही आहे. तट पाडणं काय शरीराचं काम आहे? पौलाला देह म्हणजे देवाकडे पाठ करून स्वतःभोवती गोळा झालेला अख्खा माणूस म्हणायचाय, त्याचं डोकं, त्याची भाषा, त्याचा धार्मिकपणासुद्धा. शरीर तर त्याच्या लेखी पवित्र आत्म्याचं मंदिर आहे.

म्हणूनच शरीराकडेही बघा. तुम्ही शिफ्टमध्ये काम करता असं लिहिलंय, झोप किती होते? दारू सोडल्यानंतर कितीतरी लोकांचा चिडचिडेपणा वर येतो, कारण आतापर्यंत दारू जे दाबून ठेवत होती ते उघडं पडतं. झोप, बीपी, थायरॉइड, डिप्रेशन हे सगळं तपासून घ्या, मी माझ्याकडे येणाऱ्यांना डॉक्टरकडे आणि कौन्सेलरकडे पाठवतो आणि त्याने प्रार्थना कमी पडली असं काही होत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जात असाल आणि "आता मी सुटलो" म्हणून बंद केल्या असतील तर परत सुरू करा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, नवा जन्म आणि नवीकरण. माझ्या मते तुमच्या मंडळीतल्या त्या भावाची चूक अशी की त्यांनी या दोन गोष्टी एकच धरल्या.

निकदेम नावाचा यहूदी पुढारी रात्री येशूकडे येतो ती योहानाच्या तिसऱ्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. येशू जो शब्द वापरतो त्याचे ग्रीकमध्ये दोन अर्थ होतात, "पुन्हा" आणि "वरून". निकदेम पहिलाच धरतो आणि म्हणतो म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल? येशू त्याला वरच्या जन्माकडे नेतो, आत्म्याच्या, वाऱ्यासारख्या, ज्याच्यावर आपला ताबा नाही. जन्म कोणी स्वतः घेत नाही, तो होतो, आणि एकदा होतो. पण जन्मलेलं मूल काय लगेच चालतं का? पौल तीताला लिहितो तेव्हा नव्या जन्माचं स्नान आणि पवित्र आत्म्याने केलेलं नवीकरण असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतो, आणि करिंथकरांना लिहिताना आतला माणूस "दिवसेंदिवस" नवा होतोय म्हणतो. पौलासारखा माणूस स्वतःबद्दल दिवसेंदिवस म्हणत असेल तर आपल्याला चार वर्षांत सगळं झालं पाहिजे हा हट्ट कुठून आला?

रोमकरांस पत्र १२:२ चं मराठी मला फार आवडतं, मनाच्या नवीकरणाने स्वतःचं रूपांतर "होऊ द्या". मूळ ग्रीक क्रियापदाचं रूपही असंच आहे, आज्ञा आहे पण करणारा दुसरा आहे, आणि काम चालू राहणारं आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात, जुना माणूस काढून टाका, मनोवृत्तीत नवे केले जा, नवा माणूस धारण करा. काढणं आणि घालणं आपल्याकडे, मधलं नवं करणं देवाकडे. पेलागियसवाले मधलं विसरतात, आणि "प्रभू करेल" म्हणून स्वस्थ बसणारे आजूबाजूचं विसरतात. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त आहेत असा माझा अनुभव आहे.

जालन्याकडे असताना आमच्या मंडळीत एक मोसंबीवाले शेतकरी होते, त्यांनी मला हे सगळं एका झाडावर दाखवलं. जंबेरीचा खुंट असतो, काटेरी, जंगली, चिवट. त्यावर मोसंबीचा डोळा भरतात, म्हणजे मोसंबीच्या फांदीवरचा कोंब बसवून कलम करतात. डोळा धरला की झाड मोसंबीचं झालं, त्यात अर्धंमुर्धं काही नाही. पण खाली खुंट जंबेरीचाच राहतो आणि डोळ्याच्या खालून त्याचे फुटवे येत राहतात, ते दिसले की काढायचे, कोवळे असतानाच, बोटाने निघतात तोवर. नाही काढले तर तेच जोर धरतात, सगळा रस ओढतात, आणि काही वर्षांनी बघाल तर मोसंबी सुकलेली आणि जंबेरी माजलेली. मी त्यांना विचारलं, फुटवा आला म्हणजे डोळा मेला का हो? ते म्हणाले पाळकसाहेब, फुटवा आला की मी वर बघतो, वर मोसंबीचं पान हिरवं असेल तर खालचा काढायचा आणि पुढे जायचं, डोळा परत परत कोण भरतं.

तर भाऊ, तुमच्या बाबतीत वर बघूया. दारू चार वर्षं सुटलीय. आणि मुलाला मारल्यावर तुम्ही झोपू शकला नाहीत, तीन रात्री, तुम्हीच लिहिलंय. यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो मी तुमचं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन. दगडाला काही होत नाही, दुखतं ते मांसाला. दारूच्या दिवसांत मारलं असतं तर सकाळी आठवलं तरी असतं का? मला ते पान हिरवं दिसतंय. पण त्याच शेतकऱ्याचं दुसरं अर्धं वाक्यही ऐका, फुटवा काढायचाच आहे. दुखतंय म्हणजे झालं, असं समजून जो तिथेच थांबतो त्याचं दुखणंही हळूहळू थांबतं, आणि ते भयंकर असतं, मी बघितलंय.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तुम्हाला कोणीतरी वाचायला सांगितला, "जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही" तो. तिथे पौल बाप्तिस्म्याआधीच्या स्वतःबद्दल बोलतोय की नंतरच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, खुद्द ऑगस्तीनने आयुष्यात यावर मत बदललं. मी तो उतारा धीर द्यायला वापरतो, पण हात उचलण्याचं समर्थन म्हणून कोणी वापरला तर त्याला पुढचा आठवा अध्याय संपेपर्यंत उठू देत नाही.

वेगवेगळ्या चर्चमध्ये या विषयावर फरक आहे हेही सांगितलं पाहिजे. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं म्हणणं की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, आणि १५१७ च्या त्याच्या पंच्याण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप. कॅथलिक शिकवण, जी १५४६ साली ट्रेंटच्या सभेत मांडली गेली, म्हणते की बाप्तिस्म्याने मूळ पाप खरोखर जातं पण पापाकडे ओढणारी वासना उरते, ती ओढ म्हणजे स्वतः पाप नव्हे, तिच्याशी झुंजायला ती राहिलेली आहे. मेथडिस्टांचा जॉन वेस्ली जास्त आशावादी, त्याला वाटायचं की याच आयुष्यात प्रीती माणसाला पूर्ण भरून टाकू शकते. मी स्वतः ल्यूथर आणि वेस्लीच्या मधे कुठेतरी उभा आहे. पण बाप्तिस्म्यानंतर लढाई संपते असं यातलं कोणीच म्हणत नाही. ऑगस्तीनचं परिवर्तन ३८६ साली मिलानच्या बागेत झालं, बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी बिशप असताना तो लिहितो की खाण्याचा मोह, लोकांनी स्तुती करावी ही हौस, झोपेत येणारी जुनी चित्रं अजून आहेत.

आपल्या मराठी मंडळींचंच बघा ना. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. टिळकांच्या घरात तर नवराबायकोचा क्रमच उलटा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा तापटपणा किती होता हे लक्ष्मीबाईंनी आठवणींत अजिबात लपवलेलं नाही. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही स्वतःचं सोवळंओवळं सांभाळून होत्या, मग एकेक करत ते गळत गेलं, आधी मन बदललं आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला. आत्मा आपलं वेळापत्रक बघून काम करत नाही. माझ्या तरुणपणी मी सगळ्यांना एकच साचा लावायचो, तारीख सांगा, कधी तारण झालं. आता नाही विचारत.

मग रोज करायचं काय. इफिसकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायात चोराला सांगितलंय की चोरी सोड, एवढंच नाही, हातांनी काम कर, आणि तेही गरजवंताला द्यायला काहीतरी असावं म्हणून. म्हणजे घेणारा हात देणारा झाला की चोर बदलला. रागाचंही तसंच आहे, नुसतं ओरडणं दाबून धरलं तर ते दुसरीकडून फुटतं, त्याच जागी काहीतरी दुसरं घालावं लागतं. एक टेम्पो चालवणारे भाऊ होते, संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आरडाओरड सुरू. त्यांना मी पंधरा दिवस वहीत फक्त लिहायला लावलं, कधी राग आला, आधी काय झालं होतं, पोटात अन्न होतं का. जवळजवळ सगळा राग घरी आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात होता. मग ठरवलं की घरी आल्यावर थेट आत जायचं नाही, ओट्यावर बसायचं, हातपाय धुवायचे, एक स्तोत्र वाचायचं, बायकोने चहा बाहेर आणून द्यायचा आणि तिनेही दहा मिनिटं तिथेच बसायचं, मग आत. पहिल्या महिन्यात चारदा तरी मोडलं, मोडलं की त्याच रात्री माफी मागायची आणि मला फोन करायचा. दोन वर्षं लागली. आधी बायकोला कळलं, त्यांना स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. दहा मिनिटं ओट्यावर बसणं म्हणजे पवित्र आत्म्याचं काम का, असं एकाने विचारलं होतं, मी म्हटलं हो, तेच. आत्म्याच्या फळात प्रीती आणि आनंदाबरोबर इंद्रियदमनही मोजलंय, आणि फळ एका रात्रीत धरत नाही.

तुम्हीही फोन करायला एक माणूस ठरवा, मंडळीतलाच असला पाहिजे असं नाही, पण तुमच्या बायकोलाही ज्याला फोन करता येईल असा हवा.

बायकोच्या म्हणीबद्दल तिच्याशी वाद घालू नका. ती ख्रिस्ती नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि तिने तुमचा राग बाप्तिस्म्याच्या आधीही बघितलाय आणि नंतरही, तिच्याकडे पुरावा आहे. वचनं ऐकवून तो खोडता येणार नाही. दोन वर्षांनी ती आपणहून काही बोलली तर बोलली, नाही बोलली तरी तुम्ही ओट्यावर बसत राहायचं.

परत बाप्तिस्मा घेऊ नका. तुमचा पहिला बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर झाला. ३८१ सालापासून मंडळी ज्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, "पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा" म्हणते तोच आपण आजही म्हणतो. सांगणाऱ्या भावाला रागाने उत्तर देऊ नका, त्यांना तुमची काळजी आहे, पण त्यांना मोसंबीची गोष्ट सांगा हवं तर.

आणि प्रभुभोजन. मागच्या रविवारी तुम्ही थांबलात ते मला बरोबर वाटलं, पण असं थांबून राहू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीवर अर्पण आणलं आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुमच्या बाबतीत तो भाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासमोर खाली बसा म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याइतक्या उंचीवर येईल. म्हणा, मी तुला मारलं, ते चूक होतं, तुझी चूक नव्हती. "तू चिडवलंस म्हणून" हे शब्द काढायचे नाहीत, बापांनो मुलांना चिरडीस आणू नका ही आज्ञा बापाला आहे. तो लगेच जवळ येईल असं समजू नका, कदाचित काहीच बोलणार नाही आणि खेळायला निघून जाईल, जाऊ द्या. हे शनिवारच्या आत करा, आणि रविवारी पुढच्या बाकावर बसून भाकर घ्या.